जुन्या एकनळी बंदुकीचे काडतूस बदलणे हे गावठी काम नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रानडुकरांनी केलेल्या पीकनुकसानीच्या बातम्या आपल्या दैनिकात सातत्याने येत असतात. त्यांच्या जोडीने शेतसंरक्षणाच्या जुन्या बंदुका निकामी झाल्याची तक्रारही आता ऐकू येऊ लागली आहे. आजोबांच्या नावावरून वारसाने आलेली एकनळी बंदूक 16 बोअरची असते (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप), तिची काडतुसे दुकानात सहजी मिळत नाहीत आणि मग कोणीतरी सुचवतो की, नळी थोडी मोठी करून घ्या, म्हणजे 12 बोअरचे काडतूस चालेल. तोंडाकडून दारू ठासून भरायच्या म्हणजे ठासणीच्या बंदुकीला मागून काडतूस घालण्याची सोय करून देतो म्हणणारेही कोकणात भेटतात. मी सिंधुदुर्गातील परवानाधारक शेतकरी असून माझी नोकरी टूलरूममध्ये झाली आहे. लोखंड कातणे म्हणजे काय हे ठाऊक असल्यामुळेच या सल्ल्याबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात.

बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. काडतूस जिथे बसते त्या चेंबरचा व्यास 16 बोअरमध्ये साधारण 19 मिलिमीटर, तर 12 बोअरमध्ये साडेवीस मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे चेंबर मोठे करताना प्रत्येक बाजूने साधारण पाऊण मिलिमीटर धातू काढावा लागतो आणि तोही नेमका तिथून, जिथे बार उडताना सर्वाधिक दाब येतो. आत गंजाचे खड्डे पडले असतील तर उरलेली जाडी किती, हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय नळी टिकली तरी सगळे निभावले असे होत नाही. मोडून उघडणाऱ्या बंदुकीची बिजागरी, तिची खीळ आणि बंद करणारा खटका हे सारे मूळ काडतुसाच्या धक्क्याच्या हिशेबाने घडवलेले असते, आणि नळीकडे पाहणारा माणूस तिकडे सहसा पाहत नाही.

काडतूस आत बसले म्हणजे ते चालते, हा समज तर सर्वांत घातक आहे. जुन्या 12 बोअरच्या अनेक बंदुकांचे चेंबर 65 मिलिमीटर लांबीचे आहे. त्यात 70 मिलिमीटरचे काडतूस बिनबोभाट बसते, कारण काडतुसाची लांबी तोंड उघडल्यानंतरची मोजतात आणि न उडवलेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असते. बार उडाल्यावर ते तोंड उघडते, पुढच्या अरुंद भागात अडते आणि दाब वाढतो. याहून भयंकर प्रकार 20 बोअरच्या काडतुसाचा. ते चुकून 12 बोअरमध्ये पडले तर चेंबरच्या पुढे सरकून अडकते, बंदूक रिकामी दिसते, चालवणारा मागून 12 बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढताच नळी फुटते. ज्या घरात दोन बोअरच्या बंदुका आहेत, तिथे दोन्हींची काडतुसे एका डब्यात कधीही ठेवू नयेत.

जुन्या बंदुकीचे काडतूस बदलताच येत नाही, असे माझे म्हणणे नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल काळ्या दारूच्या .450 काडतुसाची होती (हे आकडे इंचातले आहेत). पुढे .303 काडतूस आले, तेव्हा त्यांनी यातील अनेक रायफली नव्या काडतुसासाठी बदलल्या. मात्र त्यासाठी जुनीच नळी कोरत बसले नाहीत. नळी नवी बसवली, रिकामे काडतूस ओढून काढणारा भाग बदलला, काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या ठोकळ्यात फेरफार केले आणि जास्त दाबाचे खास काडतूस उडवून प्रत्येक रायफलीची चाचणी घेऊन तिच्यावर शिक्का मारला. आपल्याकडे बंगालमधील इच्छापूरच्या रायफल कारखान्यात उलट्या दिशेचे काम झाले. .303 च्या रायफलींची नळी आतून गुळगुळीत करून त्यांना .410 चे काडतूस दिले, काडतुसे साठवणाऱ्या मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला आणि अशा एकबारी बंदुका पोलीस व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिल्या. इथे भक्कम बंदुकीला कमी दाबाचे काडतूस दिलेले होते. आपल्याकडचा गावठी सल्ला नेमका याच्या उलट आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बंदुकीची दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी करणाऱ्याकडे त्या कामाचा परवाना हवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना रूपांतराला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो, त्यामुळे 16 ची 12 केलेली बंदूक नूतनीकरणाच्या वेळी तपासली गेली, तर खुलासा काय देणार?

यात शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि त्यावर उपायही त्याच कायद्यात आहे, पण तो फारसा कोणी सांगत नाही. कलम 13(3) मध्ये शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख असला, तरी ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. तेव्हा ठासणीच्या बंदुकीत फेरफार करवून घेण्यापेक्षा कारणांसह अर्ज करावा आणि चांगल्या स्थितीतली 12 बोअरची एकनळी घ्यावी. तिची काडतुसे आपल्या खडकीच्याच कारखान्यात तयार होतात. (रानडुक्कर मारण्यासाठी वनविभागाची परवानगी वेगळी लागते, हे परवानाधारकही विसरतात.) आजोबांची बंदूक ठेवायचीच असेल, तर ती आहे त्या बोअरची राहू द्यावी.

प्रशासनाला एक सूचना करावीशी वाटते. निवडणुका आल्या की आमच्यापैकी अनेकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि काही आठवडे तिथे नुसत्या पडून राहतात. त्या काळात जिल्हा पोलीस दलाच्या आर्मोररने, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्या कारागिराने, प्रत्येक बंदुकीचे चेंबर मोजावे, नळीच्या आतला गंज पाहावा, परवान्यावरचा बोअर ताडून घ्यावा आणि कोणते काडतूस चालेल व कोणते नाही, हे परत देताना पावतीवर मराठीत लिहून द्यावे. त्यासाठी ना वेगळा निधी लागेल, ना शेतकऱ्याला तालुक्याला आणखी एक खेप घालावी लागेल.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक शेतकरी, सिंधुदुर्ग