मातीच्या बैलाचे ९६ फोटो

सेलू, रविवार

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

सोमवारी रात्री तू ट्रॅव्हल्समध्ये बसलीस, पण खिडकीतून एकदाही बघितलं नाहीस. गाडी वळेपर्यंत मी तिथंच उभा होतो. "बाहुल्या हलवून कुणाचं पोट भरलंय?" हे माझ्या तोंडून निघायला नको होतं. या पत्रात तो विषय काढणार नाही.

तुझ्या स्टॉप मोशनच्या, म्हणजे मातीचा बैल थोडा थोडा हलवत फोटो काढून ते सलग चालवायच्या, सॉफ्टवेअरचं बोलतो. विकतचं आपल्याला झेपणार नाही, हे खरं. पण त्या मित्राकडून क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, घेऊ नकोस. अल्बमचं सॉफ्टवेअर मी तसंच टाकलं होतं आणि एका रात्रीत सगळ्या फायली लॉक झाल्या. त्यात एक लग्न होतं. पैसे मी परत केले, पण मुलीच्या हळदीचे फोटो कुठून आणून देणार? तिचे वडील अजून बाजारात दिसले की माझी मान खाली जाते.

आणि फुकटात, सरळ मार्गानं काम होतं. तुझ्या लॅपटॉपवर दादानं विंडोजऐवजी ते फुकटचं उबुंटू टाकलंय ना, त्यावर एन्टँगल घे. कॅमेरा केबलनं जोडायचा, समोरचं सगळं स्क्रीनवर दिसतं आणि फोटोही तिथूनच निघतो. आधीचा फोटो नव्यावर फिकट दिसत राहतो, म्हणजे बैलाचा पाय किती सरकला ते लगेच कळतं. विंडोजवर काम करायचं झालं तर डिजीकॅमकंट्रोल आहे, तेही फुकट. घरातला छोटा कॅमेरा मात्र असा जोडता येत नाही. त्याचे फोटो कार्डावर काढायचे आणि मग ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये इमेज सिक्वेन्स, म्हणजे ओळीनं चालणारे फोटो, म्हणून ओढायचे. सेकंदाला १२ फोटो धर. मिनिटाला ७२० होतात. कार्ड भरेल म्हणून रॉ, म्हणजे मोठ्या कच्च्या फायली, काढू नकोस, छोटा जेपेग पुरतो.

कॅमेरा एम, म्हणजे मॅन्युअल, मोडवरच ठेव. व्हाइट बॅलन्स, फोकस, काहीच ऑटो नको, नाहीतर चित्र लुकलुकतं. खिडकी बंद कर, ढग आला की उजेड बदलतो. हे तुला माहीत असेल. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना "इकडं बघा" सांगण्याची सवय, ती जात नाही. रागावू नकोस.

स्टुडिओत आता पासपोर्ट फोटोलाही माणूस येत नाही, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. म्हणून भीती वाटते गं, तुझ्याही हातात कॅमेराच आहे. बघ, पुन्हा तेच काढलं.

तू पाठवलेली आठ सेकंदांची क्लिप मी एकेक फोटो थांबवून बघितली. ९६ फोटो. बैल मान वळवतो तेव्हा त्याच्या खांद्यावर तुझ्या अंगठ्याचा ठसा आहे, आणि दर फोटोला तो थोडा थोडा सरकतो. आईला दाखवलं, रमाआत्याला दाखवलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही बोलावून दाखवलं.

पोळ्याला तू पाच-सहा वर्षांची असताना ओट्यावर मातीची जोडी वाळत ठेवली होती. सकाळी बघतो तर एकाचा पुढचा पाय तुटलेला. तू म्हणालीस, "मी त्याला चालवत होते." मी ओरडलो होतो. त्या दिवशी माझ्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल होता, त्यातला एकही तुझ्यावर घातला नाही. तुझ्या हिशोबानं अख्खा रोल म्हणजे फक्त तीन सेकंद.

दादासाहेब फाळकेही आधी फोटोग्राफर होते. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा लावून महिनाभराहून जास्त रोज थोडं थोडं चित्र घेतलं आणि रोप वाढताना दाखवलं. तेव्हा त्यांच्या घरी पैसा नव्हता. डोळेही दुखावले होते. तू रात्री एक-दोनला झोपतेस, असं आई म्हणते. जेवण वेळेवर होतं का? महिन्याचं भागतं का, एवढं तरी सांग.

दादाच्या हाती पिशवी पाठवतोय. धपाटे आधी खा. खाली आपल्या शेतातली काळी माती आहे, चाळून दिली आहे. ती वाळली की तडकते, म्हणून शूटिंग चालू असताना उरलेल्या गोळ्यावर ओलं फडकं ठेव. तळाशी चित्रकला शिक्षकाच्या नोकरीच्या जाहिरातीचं कात्रण आहे. नको असेल तर त्यावर बैल वाळत ठेव.

तुझे,
पप्पा