काकांच्या मारुतीला काटे बसवताना

लातूर,
मे महिना, रविवार

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

काकांची मारुती ८०० विकायची नाही असं तू ठरवलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. परळी, औंढा, तुळजापूर, कुठं कुठं नाही गेलो आपण त्या गाडीत! मागच्या सीटवर चौघं, पायाशी शिदोरीची पिशवी आणि काकांचा एकच हुकूम, काच खाली ठेवा. १९८३ च्या डिसेंबरात पहिली ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत कंपनीनं ती बनवणं थांबवलं, पण परभणीत काय नि लातुरात काय, तिचं काम डोळे झाकून करणारे मिस्त्री अजून जागोजाग आहेत. इंजिन उतरवून नीट बांधून घेतलंस हेही उत्तम केलंस. आता त्या इंजिनाची राखण करायची आहे, आणि तू विचारलेले मीटर त्याच कामाचे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या यादीत पाच मीटर आहेत: आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते), बूस्ट, ऑईलचं तापमान, व्होल्ट आणि पाण्याचं तापमान. माझं स्पष्ट मत सांगतो. तीनच बसव. पाण्याचं तापमान, ऑईलचं प्रेशर आणि व्होल्ट. बूस्ट मीटर टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या, गाडीला लागतो, आपल्या गाडीला टर्बो नाही, तेव्हा तो काटा शून्याच्या वर कधी येणारच नाही. गाडी चालवताना नजर रस्त्यावरून क्षणभरच काढता येते, आणि त्या क्षणात तीन काटे वाचून होतात, पाच होत नाहीत.

तू म्हणशील, पाण्याचा काटा कंपनीनं दिलेलाच आहे की. आहे, पण त्यावर फक्त सी (थंड) आणि एच (गरम). आकडा नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की १०० वर, तो मधेच उभा राहतो, चालकानं उगाच घाबरू नये म्हणून. तो एचकडे सरकायला लागतो तोवर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापलेलं असतं. ८०० चं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. एकदा वाकलं की त्याच्याखालचं गॅस्केट (पाणी आणि ऑईल वेगळं ठेवणारा पातळ थर) गेलं, आणि मग ऑईलमध्ये पाणी. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंशांत डांबर मऊ होतं, हवेतच गारवा नाही तर रेडिएटर तरी काय करणार? अशा ठिकाणी आकडा दिसलाच पाहिजे.

आकडा दिसायला लागला की शंभरला घाबरायचं नाही, हेही सांगून ठेवतो. रेडिएटरचं झाकण पाणी दाबून धरतं. झाकणावर ०.९ (बार, म्हणजे दाबाचं माप) लिहिलेलं असेल तर आतलं साधं पाणी साधारण ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन) घातलेलं असेल तर त्याहून थोडं वर. पण झाकणाचं रबर गेलं असेल तर हा हिशेब कोलमडतो, म्हणून आधी झाकण नवं घे. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

आता सेन्सर कुठं बसवायचा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथं, मूळ सेन्सरच्या आसपास. तिथं जादा भोक नसेल तर वरच्या रेडिएटर पाईपमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घालून त्यात सेन्सर बसवता येतो. पाईप मधोमध कापायचा, तुकडा दोन्ही बाजूंनी आत सारायचा, दोन क्लिपा आवळायच्या. हे काम सोपं आहे, पण त्यातली एक गोष्ट नव्वद टक्के लोक विसरतात. सेन्सरला एकच वायर असते, त्याचं अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, त्याच्याच धातूच्या बॉडीतून होतं. पाईप तर रबराचा, त्यातून करंट जाणार कसा! इथल्या एका गाडीवर मीटर बसवून झाला तरी काटा जागचा हलेना. मालक मीटर परत करायला निघाला. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तुकड्याच्या कडेला एक स्क्रू मारला, त्याला थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावून वायर इंजिनावर नेली आणि म्हणाले, "दादा, ह्याला अर्थिंगच न्हाई, काटा कसा हलंल?" काटा लगेच उचलला. दुसरं असं की थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) हेडच्या तोंडाशी असेल तर तो उघडेपर्यंत त्या पाईपात गरम पाणी येतच नाही, त्यामुळं सकाळी काटा बराच वेळ खाली राहील. तो बिघाड नव्हे.

इथं मी तुला सगळ्यात जास्त काकुळतीनं सांगतो ते ऐक. पाण्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं बोलतो. पाईप फुटून पाणी सांडलं की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येतो, आणि त्याच वेळी हेड आत जळत असतं. तेव्हा चढावर किंवा भर उन्हात काटा अचानक खाली आला तर गाडी थंड झाली असं समजू नकोस. बाजूला घे, बंद कर. जमलं तर हेडच्या एखाद्या बोल्टखाली बसणारा, रिंगसारखा वेगळा सेन्सरही लावून घे. तो धातूचं तापमान मोजतो, पाणी असो वा नसो, आणि ठरलेल्या आकड्यावर बझर वाजवतो. माझ्या लेखी आरपीएम मीटरपेक्षा ह्याची किंमत कितीतरी जास्त.

ऑईलचं बघ. डॅशबोर्डवरचा लाल दिवा प्रेशर जवळजवळ संपल्यावर लागतो, चार-सात पीएसआयच्या (प्रेशरचं माप) आसपास. ऐंशीच्या वेगात तो दिवा लागला म्हणजे बेअरिंगला जे व्हायचं ते होऊन गेलं. ढोबळ नियम असा की मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागं दहाएक पीएसआय हवं. मीटर दोन तऱ्हेचे मिळतात. एकात बारीक नळीतून ऑईलच थेट मीटरपर्यंत येतं, ट्रॅक्टरला असतो तसा. तो अचूक आणि टिकाऊ, पण नळी तुटली तर गरम ऑईल तुझ्या पायावर. तांब्याची नळी सततच्या हादऱ्यानं कडक होऊन चिरते. शेतात उघड्या ट्रॅक्टरवर ते चालून जातं. बंद केबिनमध्ये, शेजारी वहिनी आणि मागं लेकरं असताना मला ते पटत नाही. इलेक्ट्रिकवाला घे.

तो घेताना सेन्सर आणि मीटर एकाच संचातले घे. युरोपियन पद्धतीचे प्रेशर सेन्सर साधारण १० ते १८० ओहमचे (विजेच्या रोधाचं माप), अमेरिकन पद्धतीचे २४० ते ३३ चे, आणि त्यांची दिशाही उलटी. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या मीटरला जोडलास तर काटा हलेल, पण खोटं सांगेल, आणि खोटं सांगणाऱ्या मीटरपेक्षा मीटर नसलेला बरा. आट्यांचंही तसंच. जपानी घराण्याच्या गाड्यांत ऑईल स्विचचे आटे बीएसपीटी (ब्रिटिश माप), इंचाला २८. अमेरिकन मीटरसोबत एनपीटी (अमेरिकन माप) येतात, इंचाला २७. दोन फेरे सहज बसतात आणि मग अडतात. तिथं पाना लावून जोर करणारा फिटर दिसला की त्याचा हात धर. ब्लॉकचे आटे गेले तर सगळं काम वाया. मूळ स्विच कायमचा काढू नकोस, टी (तीन तोंडांचा जोड) बसव, म्हणजे लाल दिवाही राहतो आणि काटाही चालतो. टी माझ्या ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतो, तू फक्त जुना स्विच नमुन्याला पाठव. टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नये, त्यानं अर्थिंग कमजोर होतं.

व्होल्टमीटर सगळ्यात सोपा, दोनच वायरी. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६, चालू असताना १३.८ ते १४.४. आपल्या गाडीत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात. तेव्हा चालत्या गाडीत व्होल्ट तेराच्या खाली घसरले तर बेल्ट तुटलेला असू शकतो, म्हणजे पाणीही फिरायचं थांबलं. पाण्याचा काटा चढायच्या आधी ही बातमी तुला व्होल्टमीटर देतो. जुने लोक अ‍ॅम्पिअर मीटर लावायला सांगतील. नको. त्यात गाडीचा सगळा करंट जाड वायरनं डॅशबोर्डमागं आणावा लागतो, आणि ती वायर कुठं घासली तर आग लागते.

बसवायची जागा. चांगले मीटर बहुतेक ५२ मिलीमीटरचे येतात. डॅशबोर्ड अजिबात कापू नकोस, काकांच्या गाडीचा तो मूळ डॅशबोर्ड आहे. पत्र्याची पट्टी करून त्यात ५२ च्या होल सॉनं (गोल भोक पाडणाऱ्या करवतीनं) तीन भोकं पाड, कडा कानशीनं घास, काळा रंग दे आणि डॅशबोर्डखाली तुझ्याकडं थोडी तिरपी टांग. पत्र्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून, सीटवर बसून, गिअर टाकून बघ की हात किंवा गुडघा लागतो का. मग प्रत्येक मीटर भोकात एवढा फिरव की नेहमीच्या आकड्यावर काटा सरळ वर उभा राहील. पाण्याचा ८८ वर, व्होल्टचा १४ वर. अक्षरं तिरकी दिसतील, दिसू देत. तिन्ही काटे उभे असले की सगळं ठीक, एखादा कलला की नजर तिथंच जाते. शर्यतीच्या गाड्यांत हे पूर्वीपासून करतात. स्क्रीनवाला डिजिटल मीटर घेऊ नकोस, उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत तो स्क्रीन काळा पडतो.

वायरिंगला घाई नको. चावीवर चालू होणारा करंट फ्यूज बॉक्समधून घे आणि मीटरांना स्वतंत्र छोटा फ्यूज दे. मीटरचा दिवा पार्किंग लाईटवर जोड. इंजिनाकडून वायर आत येते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवाच, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात वायर सोलते. वायर नुसती पिळून टेप मारणाऱ्याला काम देऊ नकोस. थिंबल दाबून, स्लीव्ह चढवून घे.

बसवण्याआधी पाण्याचा मीटर घरी तपास. बॅटरीला जोड, सेन्सरच्या अंगाला अर्थिंग दे आणि त्याचं टोक उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धर. आमचं लातूर बालाघाटच्या पठारावर, इथं पाणी ९८ च्या आसपास उकळतं, परभणीत किंचित वर. काटा तिथं आला तर मीटर खरा. ११० दाखवत असेल तर दुकानात परत.

आणि पहिला महिनाभर वही ठेव. रोजची सकाळ, रोजचा रस्ता, दुपारचं ऊन, चढ, उसाच्या ट्रॉलीमागं रांगताना, प्रत्येक वेळी आकडा काय होता ते लिही. मीटरचा खरा उपयोग आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा कळण्यात आहे. माझी गाडी अंबाजोगाईच्या रस्त्यावर कायम ८८-८९ वर असायची. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, ती ९४ दाखवायला लागली. कंपनीचा काटा मधेच, ढिम्म. रेडिएटर उघडून घेतला तर नळ्यांत पांढरे क्षार दाटलेले. एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती, तिथं कूलंट काढून बोअरचं पाणी भरलं होतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यावं लागलेलं हे शहर, इथं बोअरचं पाणी किती खोलवरून आणि किती जड येतं ते तुला माहीत आहे. सहा अंशांचा तो फरक दिसला म्हणून केवळ रेडिएटर साफ करण्यावर भागलं.

आरपीएमची तुझी हौस मी मोडणार नाही, पण घेताना तीन सिलिंडरची सोय आहे का ते बघून घे. कॉइलवरून (ठिणगीचा करंट देणाऱ्या भागावरून) तीन सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दीड ठिणगी मोजली जाते. चार सिलिंडरच्या सेटिंगवर मीटर तीन हजारांना सव्वादोन हजार दाखवेल. सहाच्या सेटिंगवर बरोबर निम्मं, त्याची दुप्पट करता येते.

धाकट्याच्या नव्या गाडीला मात्र यातलं काही करू नका. २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडीचं सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायची जागा) असतं, त्यात खोचायचा मीटर घ्या, पाण्याचं तापमान, फेऱ्या आणि व्होल्ट तिथंच दिसतात. ऑईलचं प्रेशर बहुधा दिसत नाही. आणि तो मीटर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका. एअरबॅग उघडली तर तोच माणसाच्या तोंडावर येईल.

जुना ऑईल स्विच आणि वरच्या रेडिएटर पाईपचं आतलं माप लवकर पाठव, म्हणजे टी आणि अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा एकदमच लेथवर करून घेतो. पुढच्या महिन्यात पेरणीच्या आधी दोन दिवस काढून गाडी घेऊन इकडंच ये. मिस्त्रींना सांगून ठेवलंय. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता