काश्मीर प्रिन्सेसला एक ओळही नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला एअर इंडियावरचा पानभर लेख वाचला. लेखकाची भाषा चांगली आहे. कराचीहून जुहूला आलेल्या टपालाच्या थैल्यांपासून आजच्या मालकांपर्यंतचा पट एका पानात बसवायचा म्हणजे काटछाट होणार, हेही समजते. पण काय कापायचे आणि काय ठेवायचे याचा काही विचार हवा की नको? महाराजाला, म्हणजे एअर इंडियाच्या त्या पगडीवाल्या बोधचित्राला, अर्धा रकाना दिलात. साल्वादोर दालीच्या ॲशट्रेला आणि त्याच्या मोबदल्यात पाठवलेल्या हत्तीच्या पिल्लाला वेगळी चौकट दिलीत. एअर इंडियाचे काश्मीर प्रिन्सेस हे विमान बॉम्बने समुद्रात पडले त्या ११ एप्रिल १९५५ ला मात्र एक ओळही मिळाली नाही. ‘१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले’ हे वाक्य संपते आणि लेख थेट १९६० च्या बोइंगवर जाऊन उतरतो. मधल्या वर्षांत ती विमाने कोणी उडवली आणि कोणी उडण्याजोगी ठेवली, हा प्रश्न लेखकाला पडलेलाच दिसत नाही.

मराठी वर्तमानपत्राकडून ही अपेक्षा नव्हती. काश्मीर प्रिन्सेसचे कॅप्टन होते डी. के. जटार. समुद्रातून जिवंत निघालेले तिघे म्हणजे सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि ग्राउंड इंजिनिअर अनंत कर्णिक. ही नावे मराठी वाचकाला परकी आहेत का? इंडोनेशियातल्या बांडुंगला भरणाऱ्या आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या परिषदेला निघालेल्या चिनी शिष्टमंडळासाठी भाड्याने घेतलेले विमान, हाँगकाँगच्या विमानतळावर त्यात लपवलेला टाइम बॉम्ब, ऐनवेळी बेत बदलल्यामुळे वाचलेले चीनचे पंतप्रधान चौ एन लाय, हे सगळे जगाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. अठरा हजार फुटांवर स्फोट झाला. उजव्या पंखाला आग लागली, धूर केबिनमधून कॉकपिटपर्यंत आला. रेडिओ बंद पडण्याआधी इंडोनेशियाच्या नातुना बेटांजवळची आपली जागा कळवणारे संदेश गेले. जटारांनी विमान पाण्यावर उतरवण्याची शर्थ केली. दरम्यान कर्मचाऱ्यांनी सगळ्यांना लाइफ जॅकेट दिली, बाहेर पडायची दारे उघडून ठेवली. १९ पैकी १६ माणसे गेली. जटारांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांनाही मरणोत्तर मिळाले, आणि हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री. एअर इंडियाच्या उत्कर्षाच्या लेखात या बाईचे नाव नसावे, याचे मला फार वाईट वाटले.

मला हे इतके का लागले, तेही सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, सांताक्रूझच्या हँगरमध्ये मेकॅनिक होते. चार पंख्यांच्या कॉन्स्टलेशन विमानांवर त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, काश्मीर प्रिन्सेसही कॉन्स्टलेशनच होती. एका इंजिनाला अठरा सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे इंजिनामागे ३६ आणि विमानामागे १४४. ते सगळे काढा, साफ करा, तपासा, पुन्हा बसवा. शिफ्ट संपवून नाना घरी आले की आधी मोरीत जाऊन राख आणि साबणाने कोपरापर्यंत हात घासायचे, तरी नखांतली काळी रेघ जायची नाही. वायर लॉकिंग कसे करतात ते त्यांनी मला घरी तांब्याची तार घेऊन शिकवले होते. बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवायची, दोन्ही पदर पक्कडीने पिळायचे, आणि बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने त्याला घट्ट होण्याच्या दिशेलाच ओढले पाहिजे. मी उलट बाजूने पिळली की ते कापून टाकायचे आणि पुन्हा करायला लावायचे. शेवटी तारेचे टोक आत वळवायचे, कारण पुढे काम करणाऱ्याच्या बोटात ते घुसू नये. नानांच्या अंगठ्यावर मात्र दुसऱ्यांनी न वळवलेल्या टोकांचे व्रण होते.

काश्मीर प्रिन्सेसची बातमी आली तेव्हा आग इंजिनाच्या मागे लागली एवढेच आधी कळले. त्या दिवसांबद्दल नाना फार कमी बोलायचे. एवढेच सांगायचे, की हँगरमध्ये कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हते. घातपात असल्याचे चीन पहिल्या दिवसापासून म्हणत होता, पण ज्याच्या हातून त्या इंजिनांचे काम गेले आहे त्याला तेवढ्याने झोप लागत नाही. आपल्या शिफ्टचा एखादा बोल्ट राहिला का, एखादी नळी नीट बसली नव्हती का, हेच जो तो मनात घोळवत होता. पुढे समुद्रातून अवशेष वर काढले गेले. बॉम्ब उजव्या बाजूच्या चाकाच्या खोबणीत ठेवला होता, असे इंडोनेशियाच्या चौकशीत निघाले. ज्या सफाई कामगारावर संशय होता तो तैवानला पळून गेला. निकाल आला त्या संध्याकाळी नानांनी हँगरजवळच्या मारुतीला नारळ फोडला आणि घरी येऊन जेवून झोपले, असे आई सांगायची. सोळा माणसे गेल्याचे दुःख होतेच. पण दोष आपल्या हाताचा नव्हता, हे कळणे त्या माणसांसाठी किती मोठे होते, ते तुमच्या लेखकाला कोणीतरी सांगायला हवे होते. म्हणून मी सांगते आहे.

आणि हे विसरणे फक्त तुमच्याकडेच घडते असे नाही. मध्यंतरी आमच्या भागात एका संस्थेने भारतीय विमानसेवेवर प्रदर्शन भरवले. जुन्या वस्तू असतील तर द्या, असे आवाहन वाचून मी नानांचा हँगरमधला एक फोटो, त्यांची कामाची वही आणि ती पक्कड घेऊन गेले. फोटोत कॉन्स्टलेशनच्या इंजिनाची झाकणे उघडी आहेत आणि शिडीवर तिघे उभे आहेत, मधले नाना. टेबलामागच्या तरुणाने वही उघडलीही नाही. महाराजाचे काही आहे का, त्याने विचारले. जुने पत्त्यांचे कॅट, पोस्टर, हवाई सुंदरीची साडी? लोकांना तेच बघायला आवडते, म्हणाला. फोटो तेवढा ठेवून घेतला. प्रदर्शनात तो कुठेच लागला नाही. परत मिळाला तेव्हा मागे चिकटपट्टीचे डाग होते आणि कोपरा फाटलेला होता. मी तिथे काही बोलले नाही, पण तो राग अजून माझ्या मनात आहे, आणि काल तुमची पुरवणी उघडली तेव्हा तो पुन्हा उसळला.

महाराजाशी माझे वैर नाही. एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये जन्माला घातलेले ते चित्र अप्रतिमच आहे, आमच्याही घरी त्याचे कॅलेंडर होते. पण चित्राने विमान उडत नाही.

लेखाचा सूर असा, की टाटांकडे होती तोवर चांगली, सरकारने घेतली आणि मातीत घातली. हेही पटले नाही. १९४८ मध्ये लंडनची सेवा सुरू झाली तेव्हाच एअर इंडिया इंटरनॅशनलमध्ये सरकारचा ४९ टक्के वाटा होता. आशियात पहिल्यांदा बोइंग ७०७ घेतले ते १९६० मध्ये, न्यूयॉर्कला सेवा सुरू केली तीही त्याच वर्षी मे महिन्यात, आणि १९६२ मध्ये ताफ्यातली सगळी विमाने जेट असलेली जगातली पहिली कंपनी ठरली, तेव्हा ती पूर्ण सरकारी होती. अध्यक्षपदी जे. आर. डी. टाटाच होते, तेही बिनपगारी, १ फेब्रुवारी १९७८ ला त्यांना दूर करेपर्यंत. त्यांच्या शिस्तीबद्दल नाना शेवटपर्यंत आदराने बोलत. विमानात चढल्यावर टाटा स्वच्छतागृहाचा कठडाही पुसून बघायचे, असे हँगरमध्ये सांगितले जायचे. मग त्या वर्षांचे श्रेय कोणाला द्यायचे? मालक कोण होता एवढ्यावरून इतिहास लिहायला बसलात तर ती वर्षे कुठेच बसत नाहीत, आणि म्हणूनच ती तुमच्या लेखातून गळली असावीत. १९९० मध्ये कुवेतमधून अम्मानमार्गे एक लाखाहून जास्त भारतीयांना परत आणले तेही सरकारी कंपनीच्या माणसांनीच. पुढे कर्ज झाले, इंडियन एअरलाइन्सबरोबरचे २००७ चे विलीनीकरण नडले, २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परत गेली. ते सर्वांना माहीत आहे, मला त्यावर वाद घालायचा नाही.

आता फोटोबद्दल. ‘८ जून १९४८ : लंडनला निघालेली मलबार प्रिन्सेस’ या ओळीवर जे विमान छापले आहे ते जंबो जेट आहे. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी आहे, चार जेट इंजिने स्पष्ट दिसतात. जंबो आपल्याकडे १९७१ मध्ये आले. मलबार प्रिन्सेसही कॉन्स्टलेशनच, पंख्यांची होती, शेपटीला तीन उभी सुकाणू होती, पहिल्या खेपेला तिच्यातून ३५ प्रवासी कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेले. नोव्हेंबर १९५० मध्ये तीच मलबार प्रिन्सेस आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळली आणि ४८ जण गेले. ज्या विमानाबरोबर इतकी माणसे गेली, त्याच्या नावाखाली भलताच फोटो छापणे बरे नाही. तीन सुकाणूंचे विमान शाळकरी मुलगाही ओळखेल.

आणि जुहूचे पावसाळी पाणी? सुरुवातीच्या वर्षांत धावपट्टी चिखलात जायची म्हणून टाटांची दोन विमाने आणि सगळे बिऱ्हाड दर पावसाळ्यात पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलायचे. पुणे आवृत्तीतही हा लेख गेला असेल, तर तिथल्या वाचकांना एवढे तरी मिळायला हवे होते.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. जटार, बेरी आणि कर्णिक यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा. पार्ले, कालिना, सांताक्रूझ भागात जुने इंजिनिअर, मेकॅनिक आणि त्यांची मुले अजून राहतात, तुमचा वार्ताहर एक दिवस फिरला तरी त्याला भरपूर मिळेल. नानांची वही आणि फोटो मी तुमच्या कार्यालयात आणून दाखवीन, पण ठेवून जाणार नाही, समोर बसून काय नकलून घ्यायचे ते घ्यावे. दुसरे, फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नको. पुढच्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच जागी, खऱ्या कॉन्स्टलेशनच्या फोटोसह छापावी.

आपली,
एक जुनी वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई