भूकंपाची रंगीत तालीम पहाटे चार वाजता घ्या

मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीची जमीन हादरली तेव्हा पहाटेचे चार वाजायला आले होते. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेची हादरली तेव्हाही सव्वाचारच्या पुढची वेळ होती. दोन्ही वेळा माणसं अंथरुणात होती. किल्लारीकर तर आदल्या रात्री गणपती विसर्जन करून नुकते कुठे टेकले होते. मात्र मी पाहिलेली भूकंपाची प्रत्येक रंगीत तालीम दिवसाउजेडी, शाळेच्या पटांगणात झाली. मुलांना बाकाखाली जायला शिकवलंच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घरी, रात्री, आजीशेजारी झोपलेल्या त्याच मुलानं काय करायचं?

साहेब, आमच्या लातूर-धाराशिवकडे अजूनही माळवदाची घरं आहेत. दोन-अडीच फुटांची भिंत, आतून-बाहेरून दगडाचे दोन पदर, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आडवा दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. वर तुळया, त्यांवर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्या, आणि मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर आणखी माती पडते, आणि वर्षानुवर्षं ओझं वाढत जातं. १९९३ ला हेच सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. तोवर हा भाग नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता.

अशा घरात ‘टेबलाखाली शिरा’ या सूचनेचा उपयोग नाही. घरात टेबल नसतं आणि दार गाठायला वेळ नसतो. तिथली तालीम आधीच, घरोघरी व्हायला हवी: पोट सुटलेली भिंत कोणती, तिच्या कडेला कोण झोपतं, अंथरूण पत्र्याच्या खोलीत हलवता येईल का, माळवदावरची जादा माती कधी उतरवायची. पुनर्वसित गावांतही जाऊन बघा. मूळ भूकंपरोधक खोल्यांना लागून लोकांनी गरजेपोटी भिंती चढवल्यात, त्यांना कुठे भिंती बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा नाही की कोपऱ्यात गज नाही.

दुसरी मागणी प्रत्येक गावाच्या प्रसंगचित्राची आहे. समजा डिसेंबरची पहाट आहे. वीज गेली, मोबाईलला रेंज नाही, फाट्यावरचा पूल खचला. गावातली धडधाकट जोडपी ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. ढिगारा कोण उपसणार? जेसीबी कुणाकडे आहे आणि त्याचा चालक रात्री कुठे मुक्कामाला असतो? पहारी, टिकाव, घमेली, जॅक कुठे ठेवलेत? अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणत्या घरात, कोणत्या खोलीत आहे, हे आशाताईंना माहीत असतं, पण ते कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं. बाहेरची मदत येईपर्यंतचे पहिले तास शेजाऱ्यांच्याच हातात असतात. १९९३ ला वरून पाऊसही होता.

२०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली-नांदेड-परभणीच्या पट्ट्याला साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक जमिनीतून येणारे आवाज कितीतरी वर्षं ऐकताहेत. किल्लारीतही १९९२ पासून असे आवाज आणि लहान धक्के सुरू होते. म्हणून हिंगोलीत मोठा भूकंप होईलच असं कोणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही, आणि होणार नाही अशी हमीही कोणी देणार नाही. तरीही तिथल्या माणसांना ‘घाबरू नका’ एवढं सांगून परत येणं मला अन्यायाचं वाटतं.

तेव्हा येत्या ३० सप्टेंबरला लातूर, धाराशिव, हिंगोली आणि कोयना खोऱ्यातल्या काही गावांत पहाटे चारला तालीम घ्या. गावाला आठवडाभर आधी दवंडी द्या, म्हणजे कोणी दचकणार नाही. सायरन नसेल तर देवळाचा भोंगा चालेल. पोलीस पाटील, ग्रामसेवक, कोतवाल, आशाताई आणि आपदा मित्र (आपत्तीत मदतीचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) गल्लीगल्लीत उभे राहू देत. कोण किती वेळात बाहेर आलं, कोण आतच राहिलं, कुठल्या बोळात गर्दी अडली, हे त्याच वेळी लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. यश सांगण्यापेक्षा काय फसलं ते वाचा. कोयना खोऱ्यात आणि ऊसतोडीच्या गावांत हीच तालीम डिसेंबरात पुन्हा व्हावी.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. त्यांना आपलं एक लेखी पत्र गेलं, तर तयारीला पुरेसा वेळ मिळेल.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक