सही करण्याआधी हे पत्र वाच

रुवी, मस्कत
जुलै, शुक्रवार

प्रिय मित्र बंड्यास,
सप्रेम नमस्कार.

"मस्कतला कामाला येऊ का नको, एका शब्दात सांग," असा तुझा मेसेज आला. एका शब्दात नाही सांगता येत रे. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. मला इथे येऊन तीन महिने झाले.

आधी उन्हाचं सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात घामाने जीव नकोसा होतो ना, तसंच. पण इथे सकाळी सातलाच भर दुपार. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणून आमची साइट पहाटे पाचला सुरू होते आणि मी साडेतीनला उठतो. जूनच्या पहिल्याच आठवड्यात दुपारी खोलीवर येऊन गार पाण्याने आंघोळ करावी म्हणून नळ सोडला, तर हात भाजला. टाक्या गच्चीवर, दिवसभर तापतात. माझ्या खोलीत केरळचा एक चेट्टन, म्हणजे दादा, आहे, सतरा वर्षं इथे काढलेला. त्याने युक्ती शिकवली. मे लागला की गीझरचं बटण बंद करून ठेवायचं आणि गरम पाण्याचा नळ सोडायचा. गीझरमधलं पाणी घराच्या आत असतं, एसीच्या गारव्यात निवतं. बादलीभर निघतं, त्यात दोघांनी भागवायचं. आणि हे पाणी समुद्राचं, कारखान्यात गोडं केलेलं. आपल्या वाशिष्ठीला आत्ता पूर आला असेल, आणि मी इथे तांब्या तांब्या मोजून आंघोळ करतो. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो.

पण देश परका वाटत नाही. इथल्या रियालचे हजार बैसा होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसाच. मत्रहच्या बाजारात लोबानाच्या दुकानात एक म्हातारे ओमानी भेटले, डोक्यावर नक्षीची कुम्मा टोपी. मी भारतातला म्हटल्यावर हिंदीत सांगायला लागले, "हमारे बचपन में इधर रुपया चलता था." नंतर चौकशी केली तर खरंच. आपली रिझर्व्ह बँक १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढायची आणि ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत चालल्या. जुन्या मस्कतमध्ये सुलतानाच्या राजवाड्याजवळ मोतीश्वर महादेवाचं देऊळ आहे, कच्छी व्यापाऱ्यांच्या वेळचं. गेल्या शुक्रवारी जाऊन आलो. घंटा वाजवली आणि क्षणभर गावच्या देवळात उभा आहे असं वाटलं. श्रावणात पुन्हा जाणार आहे.

माणसं शांत आहेत. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं की गाडी थांबते, हॉर्न तर ऐकूच येत नाही. आमचा ओमानी पीआरओ, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, रोज सकाळी माझी, घरच्यांची, तब्येतीची विचारपूस करतो, मग कामाचं बोलतो. मला हे फार आवडलं.

आता जड जातं ते सांगतो. संध्याकाळ. जेवण उरकून नऊला फोन लावावा तर घरी साडेदहा वाजलेले, पोर झोपलेली. खोलीत चौघं, चौघंही भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात आपापल्या घरी बोलत असतात. कोणी कोणाचं ऐकत नाही, तरी सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

आणि आमच्या कॅम्पमधला एक पोरगा. एजंटने एसी टेक्निशियन म्हणून पाठवलं, इथे आल्यावर कागदावर हेल्पर निघाला. कर्ज काढून दोन लाख भरलेत त्याने. रोज डोळ्यांसमोर बघतो, म्हणून तुझी काळजी वाटते.

तुझा एजंट दीड लाख मागतोय ना? नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही. त्याचं लायसन्स आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तपास, नाव नसेल तर तिथूनच माघारी फिर. करारात मूळ पगार किती आणि भत्ता किती ते वेगळं लिहिलंय का बघ, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात. हुद्दा इलेक्ट्रिशियन असाच हवा. तू आपल्या अख्ख्या आळीचं वायरिंग केलंयस, हेल्पर म्हणून का यायचं? नीट कागदावर येत असशील तर जरूर ये. माझ्या शेजारची खाट रिकामी होतेय, मला तर आनंदच होईल.

कराराच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, मागच्या बाजूचेही. अरबी मजकूर मी पीआरओकडून वाचून घेतो. तोवर पैसे देऊ नकोस आणि सही करू नकोस.

आणि एक काम कर. आईच्या पडवीतला बल्ब सारखा उडतोय म्हणते. जाऊन एकदा वायर बघून ये. चहा घेतल्याशिवाय ती सोडणार नाही, घाईत जाऊ नकोस.

तुझाच,
मस्कतवाला