काठमांडूच्या मुलांच्या घरभाड्यासाठी वर्गणी हवी आहे

सप्रेम नमस्कार.

गणपतीची वर्गणी नेऊन फार दिवस झाले नाहीत आणि पुन्हा दारात उभे आहोत, याची जाणीव आहे. या वेळची वर्गणी मंडपासाठी नाही.

आपल्या ग्रँट रोडपासून कामाठीपुरा चालत जाण्याच्या अंतरावर. फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी मुंबईतल्या कुंटणखान्यांवर छापे घातले आणि शेकडो मुली सोडवल्या. त्यांत सुमारे दोनशे नेपाळच्या होत्या. नागरिकत्वाचे कागद नाहीत म्हणून त्यांचंच सरकार त्यांना परत घ्यायला कचरत होतं. मुली इथल्या सुधारगृहांत अडकून पडल्या. अखेर नेपाळमधल्या संस्थांनी पुढे होऊन शंभरहून अधिक जणींना नेलं. त्यांच्यातल्याच काहींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ उभा केला; २०१३ मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मंडळातल्या जुन्या मंडळींना ते छापे आठवतात. तेव्हा आपण काही केलं होतं का, ते मात्र कोणालाच आठवत नाही.

भारत-नेपाळ सीमा आजही खुली आहे. पासपोर्ट, व्हिसा काही लागत नाही. त्यामुळे आपल्या सोसायटीचा नेपाळी दाजू दसऱ्याला सहज गावी जाऊन येतो, आणि दलालाचंही तितकंच सहज निभावतं. नाक्यांवर नेपाळी संस्थांच्या चौक्या आहेत. तिथे बसलेल्यांपैकी काही जणी स्वतः यातून सुटून आलेल्या. रिक्षात ‘मामा’बरोबर गप्प बसलेली पोर त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

अशी अडवलेली आणि वीटभट्ट्यांवरून, हॉटेलांतून सोडवलेली मुलं ज्या घरात राहतात, त्या काठमांडू खोऱ्यातल्या एका छोट्या घरासाठी आम्ही मागतो आहोत. नाव-पत्ता छापत नाही, मुलांचे फोटोही लावणार नाही. फ्लेक्सवर तर नाहीच. कागदपत्रं कार्यालयात बघता येतील.

हेच घर का? नेपाळमध्ये अनाथालय हा धंदाही झालेला आहे. यादवीच्या वर्षांत हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी शाळेचं आमिष दाखवून मुलं काठमांडूला आणली आणि आईबाप जिवंत असताना त्यांना कागदावर अनाथ केलं. परदेशी पाहुणे आले की त्यांच्यासमोर गाणी म्हणायला लावायची, आणि देणगी घ्यायची. म्हणून आम्ही एकच प्रश्न धरून बसलो: मुलाचं घर शोधता का? या लोकांनी कोणतं मूल कधी, कोणत्या नातेवाइकाकडे परत गेलं आणि नंतर कोण भेटून आलं, याची वही दाखवली. घर हळूहळू रिकामं व्हावं असं त्यांनाच वाटतं.

२०१५ च्या राज्यघटनेने तिथे माध्यमिकपर्यंतचं शिक्षण मोफत केलं आहे. मग खर्च कसला? बारा वर्षांची मुलगी दुसरीच्या बाकावर बसायला लाजते, दोन दिवसांत शाळा सोडते. तिला आधी वर्षभर घरीच शिकवून वयाच्या वर्गाजवळ आणावं लागतं. त्या शिक्षिकेचा पगार, रात्री दचकून उठणाऱ्या पोरांजवळ झोपणाऱ्या दिदीचा पगार, घरभाडं, थंडीतले स्वेटर, गणवेश. पगार आणि भाड्याला कोणी देणगी देत नाही, कारण त्यावर नाव कोरता येत नाही. आम्हाला नेमकं त्याच्यासाठीच हवं आहे.

दरमहा २०० रुपये, निदान एक वर्षभर. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात, म्हणजे २०० चे ३२०. फार नाहीत, काठमांडूही स्वस्त राहिलेलं नाही. पण दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारे ३२० एकदाच आलेल्या मोठ्या चेकपेक्षा त्यांना उपयोगी पडतात.

पैसा देशाबाहेर खर्च होणार असल्यामुळे ८०जीची (आयकरात सवलत मिळवून देणारी) पावती देऊ नका, असं आमच्या सीएंनी बजावलं आहे. साधी पावती मिळेल. रोख घेणार नाही. रक्कम वेगळ्या खात्यात राहील आणि परवानगीचे कागद पूर्ण झाल्यावरच पुढे जाईल. हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लागेल.

कपडे कृपया आणू नका. २०१५ च्या भूकंपानंतर आपण पोती भरून जमवले होते. त्यांतून एक जरीची शेरवानी आणि कितीतरी नायलॉनच्या साड्या निघाल्या. बरंचसं शेवटी बोहारणीकडे गेलं. पत्रं मात्र जरूर लिहा. लिपी देवनागरीच, मुलं अक्षर लावून लावून वाचतात. सोप्या शब्दांत, आणि स्वतःचा फोन नंबर न घालता.

तिथलं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. त्याआधी नावं कळली तर वर्षाचं भाडं पक्कं करता येईल. कार्यालय रोज संध्याकाळी ७ ते ९ उघडं असतं, सोमवारी बंद.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ