न आलेल्या खेळाचं संदर्भासह स्पष्टीकरण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अजून बाजारात न आलेल्या व्हिडिओ गेमच्या गोष्टीवर मुलं तासन्‌तास वाद घालतात, हा निव्वळ रिकामटेकडेपणा आहे’ अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी ३१ वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. ते पत्र वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते.

माझा भाचा अकरावीत आहे. पोलंडच्या एका कंपनीच्या ‘द विचर ४’ या व्हिडिओ गेमची तो वाट बघतोय. तिसरा भाग २०१५ साली आला होता. मार्च २०२२ मध्ये कंपनीने नव्या भागाचं एकच चित्र दिलं: बर्फात अर्धवट रुतलेलं पदक. चवथीला आमच्याकडे आला तेव्हा माटोळीखाली (गणपतीवर फळा-पानांची बांधतात ती) बसून त्याने ते फोनवर मोठं करून मला दाखवलं. “आत्ये, कान पळय (बघ)!” राक्षस मारणाऱ्या या विचरांच्या लांडगा, मांजर, ग्रिफिन, अस्वल अशा शाळा आहेत, प्रत्येकीचं पदक त्या प्राण्याच्या तोंडाचं; पुष्कळांना हे मांजरच वाटलं. काहींनी मात्र लिंक्स नावाचं रानमांजर ओळखलं आणि पुढे कंपनीनेही तेच सांगितलं. लिंक्सची शाळा आधीच्या खेळांत नव्हती. मग ती काढली कुणी? इथून त्याची वही सुरू होते.

हा खेळ कादंबऱ्यांवर बेतलेला आहे, म्हणून वहीत तीन रकाने आहेत: ‘कादंबरीत आहे’, ‘खेळात दिसतं’, ‘माझा तर्क’. डिसेंबर २०२४च्या ट्रेलरमध्ये सिरी ही नायिका विचरांचा काढा पिते. साध्या माणसाला तो विषच. तो पचवायला जी परीक्षा द्यावी लागते ती मुलग्यांवर व्हायची, आणि त्यातलेही बहुतेक मरायचे. सिरी लहानपणी विचरांच्या किल्ल्यात राहून शिकली, पण तेव्हा तिच्यावर हा प्रयोग केलेला नव्हता. आता झाला आहे, एवढं कंपनीने सांगितलं. मग केला कुणी? जगली कशी? तिच्या अंगातल्या, पूर्वजांकडून आलेल्या जादुई ‘प्राचीन रक्ता’ने तिला तारलं आणि त्याच्या मोबदल्यात क्षणात कुठेही प्रकटण्याची तिची शक्ती गेली, असा भाच्याचा तर्क. ट्रेलरमधल्या लढाईत ती तसं एकदाही करत नाही, हा त्याचा आधार. ‘हे गेराल्टच्या नकळत झालं’ असं त्याने मधल्या रकान्यात लिहिलं होतं. (गेराल्ट म्हणजे आधीच्या खेळांचा नायक, सिरीला मुलीसारखी मानणारा विचर.) “कुठे दिसतं?” असं मी विचारलं. त्याने ट्रेलर पुन्हा लावला, गप्प बसला, ते वाक्य खोडलं आणि तिसऱ्या रकान्यात उतरवलं.

‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षं पेपरात घातला आणि गाईडमधलं एकच उत्तर चाळीस पेपरांत तपासलं. आधार कुठला आणि अंदाज कुठला, हे वेगळं ठेवणारा विद्यार्थी क्वचित भेटायचा. या मुलाने ते कुणी न सांगता केलं. याला रिकामटेकडेपणा म्हणायला मी तयार नाही.

आणखी एक सांगते. त्या ट्रेलरमध्ये एक गाव राक्षसाला मुलगी बळी देतं. राक्षसाचं नाव बाऊक, सर्बियाच्या लोककथांतला, आपल्या बागुलबुवाचाच भाऊबंद म्हणा. मी म्हटलं, अरे, ही तर बकासुराची गोष्ट! मग त्याला एकचक्रा नगरी सांगितली, गाडाभर अन्न घेऊन निघालेला भीम सांगितला. तो म्हणाला, “पण आत्ये, इथे सिरी राक्षसाला मारून परत येते, तोवर त्या मुलीला तिच्याच गावाने मारलेलं असतं.” मला एकदम कुंती आठवली. भीमाला पाठवताना ही गोष्ट बाहेर फोडू नका, असं तिने त्या ब्राह्मणाला का बजावलं असेल, यावर आम्ही दोघं जेवण वाढेपर्यंत बोलत होतो. गोव्यातल्या साळ गावच्या शिमग्यात देवचार (राखणदार भूत) ‘गडे’ म्हणवणाऱ्या माणसांना रात्री रानात नेतो, अशी श्रद्धा आहे; त्या गड्यांना जाऊन आलेली माणसंही सकाळी अशीच बोलतात: मशाल कुठे दिसली, किती दिसल्या, देवचाराने गडा कुठे नेला. त्यांना कुणी रिकामटेकडं म्हणत नाही.

माझ्या भावाने ती वही परीक्षेपर्यंत कपाटात ठेवली आहे. त्याच्याशी मी बोलेन. आपल्याला विनंती एवढीच, की रविवारच्या पुरवणीत मुलांच्या अशा लेखनाला थोडी जागा द्यावी. सोबत वहीतल्या दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे. शुद्धलेखन मी तपासलं आहे, तर्काला हात लावलेला नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
साखळी, गोवा